नुसतं बसायला

आमच्याकडे झाडाखाली नुसत्या बसलेल्या माणसाची लोकांना फार काळजी वाटते. सांगलीत विश्रामबागेकडच्या एखाद्या कॉलेजच्या आवारात सकाळी जाऊन बघा. चालणारे दिसतील, पळणारे दिसतील, घोळक्यानं उभं राहून 'हा हा हा' असा हसण्याचा व्यायाम करणारेही दिसतील. आकडी लावलेली काठी आणि दुधाची रिकामी पिशवी घेऊन देवासाठी फुलं जमवणारी मंडळी तर उजाडायच्या आत येऊन गेलेली असतात. सगळ्यांना काम आहे. कुणाला साखर उतरवायचीय, कुणाला गुडघा वळता करायचाय, कुणाला देव्हारा भरायचाय. तुम्ही मात्र काहीच न करता कट्ट्यावर टेकलात की कुणीतरी थांबतंच. "बाई, बरं वाटत नाही का? रिक्षा बोलवू?"

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं आणि नोकरी शिक्षिकेची. त्यामुळं रिकामं बसणं म्हणजे काहीतरी चुकतंय, हे माझ्याही हाडीमाशी मुरलेलं. लेक डेन्मार्कमध्ये आरहूसला संशोधन करते, म्हणून आम्ही दोघं तिकडं गेलो, तेव्हा हे मुरलेलं जरा हललं.

तिनं विद्यापीठ दाखवायला नेलं. ह्यांनी आधार कार्ड बरोबर घेतलं होतं, न जाणो वॉचमननं अडवलं तर! तिथं पोचल्यावर हे गेट शोधायला लागले. गेट नव्हतंच. शहरातला रस्ता चालता चालता हिरवळीत उतरला आणि लेक म्हणाली, "बाबा, आपण आत आलोय."

हिमयुगातल्या बर्फानं मागं ठेवलेली ती एक लांबट दरी आहे. दोन्ही अंगांनी हिरवे उतार, तळाशी तळी, तळ्यांत बदकं आणि उतारांवर पिवळ्या विटांच्या, पिवळ्याच कौलांच्या इमारती. काही भिंतींवर वेल थेट वरपर्यंत चढलेले. इमारतींची आखणी सी. एफ. मोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, बागेची सोरेनसन नावाच्या उद्यानरचनाकाराची. या सोरेनसननं ओकची तयार झाडं आणून लावली नाहीत, ओकच्या बिया पेरल्या. खर्च वाचला, हे आम्हा सातारकरांना लगेच पटलं. पण ओक म्हणजे काही मेथी नव्हे. बी पेरणाऱ्यानं आपण त्या सावलीत बसू असा हिशेब केलेला नसतो.

त्या उतारांवर माणसं आडवी पडली होती. पुस्तक पोटावर, बूट बाजूला, तोंड उन्हाकडं. एक आजोबा बाकावर बसून बदकांकडं बघत होते आणि कुणीही त्यांची चौकशी करत नव्हतं. तिकडं हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडतो, त्यामुळं उन्हात लोळणं हे तिथं आळसात धरत नाहीत, वर्षभराच्या बेगमीत धरतात. वसंतात परीक्षांच्या आधी याच तळ्यात विद्यार्थी बिअर पीत होड्यांची शर्यत लावतात म्हणे, आणि ती बघायला गाव लोटतो. होड्यांच्या शर्यती आम्हा सांगलीकरांना नव्या नाहीत, कृष्णेत होतात की! फक्त तळ्याच्या काठावर प्राध्यापकांची खोली आणि हातात बिअर, एवढं जुळवणं आमच्या धाडसाच्या पलीकडचं.

हे मात्र बसायला तयार नव्हते. गवत ओलं असेल, कुणी बोलेल. शेवटी पिशवीतल्या सांगलीच्या भडंगाच्या पुड्याभोवतीचा मराठी पेपर सोडवला, उतारावर अंथरला आणि त्यावर बसले. थोड्या वेळानं बघते तर खाली वाकून गुडघ्यांमधून बाजारभाव वाचत होते. माणसाला काम लागतंच.

लेकीनं सांगितलं, हे विद्यापीठ १९२८ मध्ये भाड्याच्या खोल्यांतून सुरू झालं. गावकऱ्यांनी पैसे उभे केले, वीटवाल्यांनी विटा आणि कौलं दिली. तेव्हा मला माहेर आठवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याला आणलेलं त्यांचं वसतिगृह भरलं तेही धनिणीच्या बागेत. गांधीजी १९२७ मध्ये तिथं येऊन गेले. लोकांनी धान्य दिलं, जमिनी दिल्या. मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पुढं १९४७ मध्ये शिवाजी कॉलेज निघालं, तिथं 'कमवा आणि शिका' म्हणत मुलांनी खडी फोडली, शेतं केली, इमारती उभ्या केल्या. संस्थेच्या बोधचिन्हातसुद्धा वडच आहे, पण तो लावणाऱ्या पिढीला त्याच्या सावलीत पाठ टेकायला कुठली सवड!

इकडं सांगलीत त्याच १९१९ मध्ये विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. कन्नड कवी वि. कृ. गोकाक तिथं प्राचार्य होते, पु. ल. देशपांडे तिथून एम. ए. झाले. असल्या माणसांचं सगळं शिक्षण तासांच्या घंटेबरहुकूम वर्गातच झालं असेल, हे मला काही पटत नाही. काही तरी आवारातल्या सावलीत, चहाची उधारी आठवत, नुसतं बसून झालं असणारच. पण त्याची नोंद हजेरीपटात होत नाही, म्हणून आपण ते धरत नाही.

आपण कष्टाची आठवण ठेवतो ते बरोबरच आहे. जयंतीला हार घालतो, भाषणं करतो, मुलांना उन्हात उभं करून ती ऐकायला लावतो. पण ज्यांनी खडी फोडली, त्यांना पुढच्यांनीही खडीच फोडावी असं थोडंच वाटत होतं? आपल्या पोरानातवंडांना पुस्तक घेऊन घटकाभर निवांत टेकता यावं, यासाठीच तर तो घाम होता. मग त्या सावलीत कुणी बसलं तर ते लावणाऱ्याचं काम पुरं करणं झालं, रिकामटेकडेपणा नव्हे.

परत आल्यावर मी इथल्या एका कॉलेजच्या आवारात पाट्या वाचत फिरले. 'फुले तोडू नयेत.' 'हिरवळीवर चालू नये.' 'विनाकारण थांबू नये.' शेवटची वाचून मी गेटवरच्या मामांना म्हटलं, "मामा, एक पाटी अशीही लावा ना, 'कृपया येथे बसावे.'"

मामांनी पान तोंडातल्या तोंडात एका बाजूला सारलं आणि गंभीरपणे विचार केला.

"लावू की बाई. पण मग लोक खरंच बसतील, आणि का बसलाय म्हणून मी विचारायचं कुणाला?"