अकोटचा पिझ्झा आणि विस्तवाचा प्रश्न

नरनाळ्याच्या किल्ल्यावर किंवा शहानूरच्या फाटकातून मेळघाटात जाणारा माणूस अकोटला थांबतो, कारण पुढे जंगल आहे आणि जंगलात हॉटेल नाही. पोट हेच ज्यांचं गाइडबुक, अशा आमच्या पंथाच्या प्रवाशांना नरनाळ्याचा महाकाली दरवाजा एका वाक्यात आटोपता येतो: कोरीवकाम देखणं आहे, जरूर बघावं. जेवणाला मात्र अख्खा लेख लागतो. त्यात नवीन उघडलेलं पिझ्झाचं दुकान दिसलं, की लेखाची सोय झालीच. 1996 साली पिझ्झाच्या परदेशी साखळ्या भारतात आल्या आणि अकोल्याहून अकोटला ब्रॉडगेजची गाडी यायला 2022 चा नोव्हेंबर उजाडला. तेव्हा पिझ्झा उशिरा पोचला, ही तक्रार नाही. तक्रार आहे ती तो थंड पोचल्याची.

तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या या पिझ्झाचं रूप ठरलेलं असतं. खाली पाकिटातून निघालेली पांढरी, मऊ, गोडसर पोळी. तिच्यावर टोमॅटो सॉस, मक्याचे दाणे, शिमला मिरची. वर मेयॉनीजच्या रेघोट्या. तुकडा उचलला की चीज अकोटच्या सतरंजीसारखं अख्खं उचलून येतं, मक्याचे दाणे बशीत घरंगळतात आणि हातात राहते ती कडा नसलेली, ओलसर पोळी. बुडाला एकही काळा डाग नसतो, आणि सगळा गुन्हा त्या न दिसणाऱ्या डागात आहे. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत साधारण 430 ते 480 अंशांवर मिनिट-दीड मिनिटात भाजतात. पीठ फुगतं, कडा करपते, आतलं पाणी उडून जातं. टेबलावरच्या लहान इलेक्ट्रिक ओव्हनची झेप जेमतेम 250 पर्यंत. तोही गिऱ्हाईक बसल्यावर चालू केला, तर पोळी भाजत नाही, नुसती वाफवते. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे नेणाऱ्या जिल्ह्यात थंड राहण्याचा मान एकट्या ओव्हनला मिळावा, ही वऱ्हाडाची थट्टाच म्हणायची.

यावर कुणी म्हणेल, "काहून बोलता जी, पोरं तं खुश हायेत ना!" खुश आहेत, यात शंका नाही. पण त्यातली बरीचशी खुशी एसीची, रंगीत दिव्यांची आणि फोटोची असते. अर्धी पोळी बशीत उरते ती फोटोत येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नेपल्सच्या मापाने अकोट मोजणं अन्यायाचं आहे. कबूल. म्हणून वऱ्हाडाच्याच मापाने मोजू. जाडसर कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, तुपात बुडवून वरण नि वांग्याच्या भाजीसोबत खायचे, हे ज्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या येतं, त्याला पीठ आणि विस्तव यांचं नातं शिकवायला इटलीहून कुणी यायला नको. बाहेरचा पदार्थ इथे रुजत नाही, हेही खोटं आहे. पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मांनी 1950 च्या सुमारास शेगाव स्टेशनवर विकायला घेतलेली कचोरी आज वऱ्हाडाची ओळख आहे. ती चालली ती कढईतून निघाल्यावर थंडावण्याआधी गिऱ्हाइकाच्या हातात पडायची म्हणून. तिला रंगीत दिवे लागले नाहीत.

तिसरा मुद्दा पैशाचा. चांगलं चीज महाग पडतं, हे खरं; म्हणून वनस्पती तेलाचं 'अ‍ॅनालॉग' वापरलं जातं, ज्याला कायद्याने चीज म्हणता येत नाही. पण चीज कमी घालून पोळी नीट भाजली, तर खर्च वाढत नाही, उलट वाचतो. नेपल्सच्या साध्या मारिनारा पिझ्झावर चीज नसतंच. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, एवढ्यावर त्याचं भागतं. तेव्हा महागाईचं कारण 'एक्स्ट्रा चीज टाकू का भाऊ' विचारणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

दुकानदारांना एवढीच विनंती, की सजावटीतले थोडे पैसे भट्टीकडे वळवा आणि ती गिऱ्हाईक येण्याआधी पेटवा. आणि वाचकहो, अशा दुकानात शिरलात तर मेनूकार्ड उघडण्याआधी ओव्हन तापलाय का ते विचारा. नसेल, तर चहा पिऊन निघा आणि ओळखीच्या घरी रोडगे सांगून ठेवा.