वाळवीचे मोजणीदार

दुसऱ्याच्या घरातील दोष दृष्टीस पडल्यावाचून ज्याला अन्न गोड लागत नाही, असा एक तरी गृहस्थ सोलापूरच्या प्रत्येक पेठेत असतो. आमच्या शुक्रवार पेठेत हा मान तात्यांकडे आहे. मोजणी खात्यात हयात घालवून, लोकांच्या बांधांवरून साखळ्या ओढून आणि निम्म्या तालुक्याची भाऊबंदकी नकाशावर रुजू करून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांची नजर बेकार झाली. तिला पुन्हा चाकरीला लावले ते पुण्याच्या चिरंजिवांनी धाडलेल्या थर्मल कॅमेऱ्याने. काडेपेटीएवढे ते यंत्र मोबाइलच्या बुडाला खोचले की भिंती निळ्या-तांबड्या दिसू लागतात, आणि तात्या वाळवीच्या तपासावर निघतात.

प्रथम व्याख्यान होते. 1800 साली विल्यम हर्शेलने लोलकातून पाडलेल्या प्रकाशपट्ट्यात, तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापक ठेवला आणि पारा चढला, ही हकीकत ते पोथीच्या पहिल्या अध्यायासारखी कधी गाळत नाहीत. वाळवी ही मुंगीची नव्हे, झुरळाची आप्त, हे सांगताना यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघराकडे एक कटाक्ष जातो. ती मातीच्या नळ्यांतून ओल जपते, ओलीमुळे भिंत किंचित गार पडते, आणि तो गारवा पडद्यावर निळा उमटतो, येथवर तात्यांचे शास्त्र बिनचूक आहे. यंत्र भिंतीच्या पोटात पाहत नाही, केवळ पृष्ठभागाची उष्णता वाचते, हे कलम मात्र ते घाईने उरकतात.

गेल्या वैशाखात आमच्या घराचा मुलाहिजा झाला. माळवदाचे जुने घर. सागवानी तुळया, त्यांवर किलचान, त्यावर पांढरीचा थर. दुपारचे दोन वाजलेले, बाहेर 42 अंश. रस्त्याकडची भिंत आणि दाराची चौकट उन्हाने अशी भाजून निघालेली, की पडद्यावर सारे एकजात लालभडक. "इकडे निर्दोष," असा शेरा मारून तात्या माजघरात शिरले आणि थबकले. कोपऱ्यात हातभर निळा डाग!

"पंचनामा लिहून घ्या. वसाहत जुनी दिसते. भिंत फोडावी लागेल."

मला घाम फुटला. आत्याबाई मात्र पोळपाटावरून न उठता म्हणाल्या, "तात्या, तिथं माठ होता की! तुम्ही येणार म्हणून सकाळीच हलवलाय. महिनाभर पाझरतोय तो भिंतीवर."

"ओल ती ओलच, वहिनी," तात्यांनी बजावले आणि वहीत 'संशयास्पद' असे नोंदले.

त्यावर आत्याबाई लाटणे घेऊन उठल्या, दर्शनी चौकटीवर त्यांनी दोनदा ठोकले, आवाज डबडब आला, आणि तिसऱ्या ठोक्याला रंगाचा पापुद्रा सुटून आतून भुसा आणि वळवळती पांढरी वाळवी जमिनीवर सांडली. तात्यांनी तत्काळ यंत्र रोखून त्या भगदाडाचे चित्र घेतले व खाली तारीख, वेळ आणि शोधकाचे नाव घातले. ते नाव आत्याबाईंचे नव्हते.

तात्यांना नाही म्हणण्याची सोय पेठेत कोणालाच नाही. तेव्हा बोलवाल ते पहाटे, भिंती निवलेल्या असताना बोलवा, आणि माठ आठवडाभर आधीच हलवून ठेवा.