सहा टक्क्यांची चांदी

बंगळुरूच्या बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी कडलेकाई परिषे ही भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, तेव्हा शेरभर शेंगा घेणारा माणूसही आधी एक शेंग फोडून तोंडात टाकतो आणि मग भाव करतो. इअरफोनची नवी केबल घ्यायची वेळ आली की मात्र हाच चोखंदळ गृहस्थ ‘तार चांदीची, आवाज मोकळा, बास घट्ट’ एवढं वाचून आठ हजार मोजायला तयार होतो. माझं म्हणणं इतकंच, की केबल जरूर बदलावी, पण गळ्याच्या आणि खिशाच्या सोयीसाठी; कानासाठी बदलायची तर आधी हिशोब करावा.

हिशोब अवघड नाही. चांदी विजेला तांब्यापेक्षा कमी अडवते हे खरं, पण फरक पाच-सहा टक्क्यांचा. भाव मात्र शंभरपटीहून जास्त. तांब्याची तार तीन टक्के जाड घेतली की बरोबरी झालीच. वरचे स्वर तारेच्या पृष्ठभागावरूनच धावतात, म्हणून चांदीचा मुलामा हवा, असंही सांगतात. पण २० किलोहर्ट्झलासुद्धा वीज तांब्यात जवळजवळ अर्धा मिलिमीटर आत शिरते, आणि या केबलची अख्खी शीरच जेमतेम तेवढी जाड असते. शिवाय चांदीतून वाजतगाजत आलेल्या स्वरांपुढे बहुतेक इअरफोनच्या पोटात केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं वेटोळं वाट पाहत असतंच. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजरबरोबर अंतराळात गेली, तीही सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर.

‘पण आम्हाला फरक ऐकू येतो ना!’ येत असेल, आणि त्याला कारणंही आहेत. काही इअरफोनचा रोध स्वरागणिक बदलतो. एक ओहमची केबल लावली, तर ८ ओहमच्या जागी आवाज एक डेसिबलने उतरतो, ४० ओहमच्या जागी जेमतेम ०.२ने, गाण्याचा तोल हलतो. मात्र ही करामत तांब्याची बारीक तारही करते. दुसरं, ४.४ मिमीचा बॅलन्स्ड प्लग लावला की बऱ्याच प्लेअरमधून दुप्पट व्होल्टेज मिळतं आणि पातळी ६ डेसिबलने चढते. मोठा आवाज गोड लागतो आणि श्रेय केबल घेऊन जाते. तिसरं, केबल बदलताना इअरफोन काढून पुन्हा घातला जातो. रबरी टिप या खेपेस नीट बसली की हरवलेला बास परत येतो. म्हणून आवाजाची पातळी सारखी ठेवून, केबल दुसऱ्याकडून गुपचूप बदलवून घेऊन ऐकावं. आठ हजार आधीच मोजलेले असतील तर या परीक्षेला साक्षीदार बोलावू नयेत.

निवडताना पहिल्यांदा जोड पाहावा: ०.७८ मिमीच्या दोन पिना की एमएमसीएक्स? एकाची केबल दुसऱ्यात बसत नाही. मग गांधी बाजारातून चालताना तार शर्टावर घासून कानात खरखर होते का, कानामागचं वळण टोचतं का, आणि केबल जिथे हमखास तुटते त्या प्लगपाशी बळकटी आहे का, हे तपासावं. हे फरक डोळे मिटूनही कळतात. एवढं पाहूनही चांदीचीच केबल आवडली, तर देखणी आहे म्हणून बेलाशक घ्यावी. दागिना घ्यायला विज्ञानाचा दाखला लागत नाही.