फाटकवीरास साष्टांग दंडवत

रा. रा. फाटकवीर, मु. पो. नाशिक, यांस


काल रेल्वे फाटकापाशी आपले दर्शन घडले. गेट पडलेले, आम्ही पंचवीस-तीस भित्री माणसे इंजिन बंद करून उभी. आपण मात्र दुचाकी कलती केलीत, मान लववलीत आणि दांड्याखालून सुळकन पसार. मागे वहिनी, पुढे टाकीवर चिरंजीव. संस्कार लहान वयातच करावेत! पलीकडे गेल्यावर टपरीशी थांबून आपण गाडी बघत राहिलात. वाचवलेली चार मिनिटे तिथल्या तिथे सत्कारणी लागली.

गेटमन उगाच घाई करतो, असे आपले मत. पण बहुतेक फाटके सिग्नलशी जोडलेली असतात. गेट पडून कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. म्हणजे आपण दांड्यात अडकलात की तिकडे अख्खी पंचवटी एक्स्प्रेस खोळंबणार. एवढा मान मंत्र्यांनाही नाही.

आपले थोरले बंधू तर आपल्याही पुढचे. 14 मार्च 2025 ला, धुळवडीच्या पहाटे, आपल्याच भुसावळ विभागात बोदवडजवळ त्यांनी बंद फाटकातून ट्रक घातला आणि तो अमरावती एक्स्प्रेसच्या वाटेत आला. प्रवासी बचावले, ते नशिबाने.

कायद्याचे म्हणाल, तर तो आपल्यावर फार पूर्वीपासून लक्ष ठेवून आहे. रेल्वे कायदा 1989, कलम 160 : बंद गेट परस्पर उघडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तोडल्यास पाच. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना घुसल्यास कलम 147 : सहा महिने किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आपण निर्धास्त आहात, कारण कलम पुस्तकात असते, फाटकावर नसते.

आणि आपण भीत नाही असेही नाही. 15 ऑगस्ट 2021 ला नाशकात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू झाले, तेव्हा पंपाबाहेर कुणाचे तरी हेल्मेट मागून डोक्यावर चढवणारे आपणच ना? धडधडत येणाऱ्या इंजिनाला न भिणारा वीर पंपावरच्या पोलिसाला भ्याला!

म्हणून रेल्वे आणि पोलीस खात्याला माझी विनंती : ‘घाई जिवावर बेतते’ असे फलक आता पुरे. फाटकावर एक कॅमेरा लावा, आणि कुठल्या दिवशी ते न सांगता, पावतीपुस्तक घेतलेला एक जवान उभा करा.

मग आपणही आमच्याशेजारी इंजिन बंद करून उभे राहाल. जागा धरून ठेवतो.

आपला,
दांड्याअलीकडचा एक भित्रा