कन्सेप्टराव

आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला ओळखायला आयकार्ड लागत नाही. पाठीवर शीट ठेवायची काळी नळी, डाव्या तर्जनीला बँडेड, बोटांच्या टोकांवर फेव्हिक्विकचे वाळके पापुद्रे आणि डोळ्यांत परवापासून तुंबलेली झोप. दुपारी चारला भेटून हा ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला, तर समजावं की आज सबमिशन होतं. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये असा एक नमुना घडताना मी रोज पाहतो. घरचं नाव काहीही असो, सोसायटीत त्याला कन्सेप्टराव म्हणतात. हे नाव त्याच्या वडिलांनीच ठेवलं, दुसऱ्या वर्षाची फी भरून आले त्या संध्याकाळी.

बारावीपर्यंत मुलगा बरा होता. जिना दिसला की चढायचा. आता पहिल्या पायरीशी थांबतो, वाकून बघतो आणि ‘रायझर जास्त झालाय’ असं पुटपुटतो. लग्नाच्या हॉलमध्ये पंगतीला बसला की ताटाकडे नंतर, आधी छताकडे बघतो आणि तुळया मोजतो. आपली उंची फुटांत आणि जमीन गुंठ्यांत, पण याचं सगळं जग मिलिमीटरमध्ये. एकदा घरी म्हणाला, ‘बाथरूमचं दार साडेसातशेचं आहे, नऊशेचं हवं होतं.’ आई म्हणाली, ‘असू दे रे, दीडशे वाचले.’

आता कन्सेप्टविषयी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम असा विचार करून जो घर काढतो तो ठेकेदार, ही स्टुडिओतली पहिली शिकवण. आर्किटेक्टला आधी कन्सेप्ट लागतो. तो शंखात सापडतो, पिंपळाच्या पानात सापडतो, कागदाच्या घडीत सापडतो. घरात राहणाऱ्या माणसांत सापडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. क्लायंटही कॉलेजनंच दिलेला असतो, आणि इतका गुणी माणूस पृथ्वीवर दुसरा नाही. त्याला पैशांची चिंता नसते. त्याच्याकडे पाहुणे येत नाहीत, जादा गाद्या नसतात, फराळाचे रिकामे डबे नसतात, माळ्यावर टाकायचा मोडका पंखा नसतो. तो लेखक किंवा छायाचित्रकार असतो आणि दिवसभर खिडकीत बसून डोंगर बघतो.

कन्सेप्टरावांना पहिलंवहिलं घर मिळालं ते पानशेतच्या बाजूला, उतारावर, निवृत्त जोडप्यासाठी. कन्सेप्ट होता ‘फ्लो’. फ्लो म्हटल्यावर लेव्हल्स आल्या. स्वयंपाकघर वर, जेवायची जागा तीन पायऱ्या खाली, निजायची खोली चौकापलीकडे आणखी खाली. रात्रभर जागून काढलेला प्लॅन सकाळी जेवणाच्या टेबलावर पसरलेला होता. आजीनं चष्मा लावला, निजायच्या खोलीवर तर्जनी ठेवली आणि ती रात्रीची संडासला निघाली. बोट दोन पायऱ्या चढलं, दारातून बाहेर पडलं आणि चौकाच्या मधोमध थबकलं.

‘अरे बाळा, इथं वरून उघडंच आहे ना?’

‘हो आजी, तीच तर गंमत आहे! सेमी-ओपन स्पेस. पावसाशी नातं जुळतं.’

‘रात्री दोन वाजता?’

यावर त्याच्याकडे डायग्राम होता, उत्तर नव्हतं. आजीचं बोट पुढे सरकलं. सिलिंडर कुठं ठेवायचा? ओली धुणी कुठं? पापड-कुरडया कुठं वाळवायच्या? छपराला तर उतार दिलेला. देवांना उत्तरेच्या भिंतीत एक फट होती, पण ती देवांसाठी नसून प्रकाशासाठी आहे असं कळलं. घरात ‘कॉन्टेम्प्लेशन स्पेस’ नावाची एक प्रशस्त रिकामी खोली मात्र होती. आजीनं तिच्यावर बोट ठेवून विचारलं, ‘ही अडगळीची का?’ कन्सेप्टराव न जेवता कॉलेजला गेले.

अहमदाबादच्या आयआयएमच्या विटांच्या इमारती ज्यांनी उभ्या केल्या, ते लुई काहन विटेलाच विचारायचे, की बाई, तुला काय व्हायचंय? आणि वीट सांगायची, कमान. ही गोष्ट या मुलांना पहिल्याच वर्षी सांगतात. कन्सेप्टरावांनीही एक वीट गच्चीवर नेऊन तिच्याशी बराच वेळ काढला. घरात आजी होती, तिला विचारायचं काही सुचलं नव्हतं.

त्याच्या टेबलावर न्यूफर्ट नावाच्या जर्मन गृहस्थांचा ग्रंथ असतो. 1936 साली पहिल्यांदा निघाला, अजून जगभर चालतो. माणूस बसला, वाकला, खुर्ची मागं सरकवून उठला, हातात सामान घेऊन बोळातून गेला, तर कशाला किती जागा लागते ते सगळं आकृत्यांसकट त्यात आहे. इस्त्री करणाऱ्या जर्मनाला किती जागा पुरते हे कन्सेप्टराव झोपेतही सांगतील. जमिनीवर विळी मांडून नारळ खवणाऱ्या बाईला किती जागा लागते हे त्यात नाही, आणि ती बाई त्याच्या खुर्चीमागं पाच फुटांवर नारळ खवत असते.

मॉडेलच्या रात्रीविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण त्याच्या आईपाशी विषय काढला तर ती थोडक्यात सांगत नाही. भांडी घासायची हिरवी घासणी नाहीशी झाली की समजावं, कुठल्या तरी घरापुढं लॉन आलं. टूथपिक गेल्या की रेलिंग. वापरलेली चहापूड खिडकीत वाळत दिसली तर ती साइटवरची माती. सनबोर्ड, माउंटबोर्ड, बाल्सा यांचे तुकडे पोह्यांत निघतात. याला ते ‘नाइट मारणं’ म्हणतात, आणि दोन नाइट मारलेला मुलगा एक मारलेल्याकडे जरा तुच्छतेनं बघतो. सकाळी बाबांच्या स्कूटरवर मागं बसून, मॉडेल मांडीवर घेऊन वरात निघते. एकदा कोपऱ्यावरच्या गतिरोधकाला पहिल्या मजल्याचा पुढं आलेला भाग गळून पडला. सर म्हणाले, ‘बरं झालं, खराही पडलाच असता.’

मग केस स्टडी. म्हणजे थोरामोठ्यांची कामं प्रत्यक्ष जाऊन बघणं. चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला केलेली वसाहत बघायला सगळा वर्ग गेला. लहान लहान स्वतंत्र घरं, सात-आठ घरांत मिळून एक अंगण, अशी अंगणं जोडत गेलेली वस्ती. कन्सेप्टराव आले ते सुतकी चेहऱ्यानं. लोकांनी मजले चढवलेत, ग्रिल लावलेत, काही घरं पाडून काँक्रीटचे बंगले बांधलेत! ‘काका, लोकांना आर्किटेक्चर कळतच नाही.’ आता, घर पुढं वाढवता यावं म्हणून तर कोरियांनी भिंतीला भिंत लागू दिली नव्हती. लोकांनी आर्किटेक्टचं ऐकल्याचं असं उदाहरण आपल्याकडे विरळाच. पण फोटोत ग्रिल येतात, हे त्याचं दुःखही खरंच.

तिसऱ्या वर्षी घरं संपतात आणि सार्वजनिक जागा सुरू होतात. आजीच्या तावडीतून सुटलो असं त्याला वाटलं असावं. विषय होता भाजी मंडई. विल्यम इमर्सननं केलेलं मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट 1869 चं, पुण्याची आजची महात्मा फुले मंडई 1886 ची. अष्टकोनी, मधोमध उंच मनोरा. कन्सेप्टरावांनी दोन्हींचे फोटो काढले, कमानी मोजल्या आणि दोन्ही ‘डार्क’ आहेत असा शेरा मारून स्वतःच्या मंडईला काचेचं छप्पर दिलं. कन्सेप्ट होता ‘उमलणं’.

सरांनी सक्ती केली म्हणून तो शीट घेऊन एका भाजीवाल्या मावशींकडे गेला. मीही पिशवी घेऊन मागं उभा होतो. मावशींनी जुडीवर पाणी शिंपडता शिंपडता चित्र पाहिलं.

‘वर काच हाय व्हय? मग दादा, माझी मेथी दहाच्या आत मरंल की.’

‘मावशी, पण नॅचरल लाइट...’

‘लाइट गिऱ्हाइकाला पायजे, भाजीला नको. आन् रातीला माल ठिवून कुलूप कुठं लावायचं? पाटंचा टेम्पो कुठून शिरायचा? सडकं कुठं टाकू?’

मग तिनं शीटवरच्या एका बाईकडे बोट करून विचारलं, ‘ही कोण?’

हा प्रश्न मलाही पडला होता. या मुलांच्या चित्रांत माणसं लागतात, उंचीचा अंदाज यावा म्हणून. ती इंटरनेटवरून कापून आणलेली असतात. त्यामुळं कन्सेप्टरावांच्या मंडईत ऐन पुण्यात, ऐन एप्रिलमध्ये, लांब ओव्हरकोट घातलेला एक गृहस्थ कोबीच्या ढिगापाशी उभा होता. एक मुलगा स्केटबोर्डवरून बटाट्यांकडे चालला होता. लाल फुगा घेतलेली छोटी मुलगी होती. ही प्रत्येक प्रोजेक्टात असते, हॉस्पिटलपासून स्मशानभूमीपर्यंत. मावशींनी विचारलेली बाई छत्री मिटून, कुत्र्याला साखळीनं धरून, भेंडीसमोरून सरळ पुढं निघाली होती. कुणाच्याही हातात पिशवी नव्हती. सगळ्या मंडईत खरेदी करणारं एकही माणूस नव्हतं, आणि आकाशात पक्षी भरपूर.

ज्यूरीत, म्हणजे कामाच्या तोंडी परीक्षेत, जे व्हायचं तेच झालं. बाहेरून आलेले ज्यूरर चष्मा कपाळावर चढवून शीटपाशी गेले आणि एवढंच म्हणाले, ‘टॉयलेट?’ कन्सेप्टरावांनी प्लॅन पाहिला, मागची शीट पाहिली, जोडीदाराकडे पाहिलं. दिवसभर शेकडो बायका बसणार अशा जागेत त्यानं खुला रंगमंच ठेवला होता, ‘इंटरॅक्टिव्ह प्लाझा’ ठेवला होता, पाण्याचं कुंड ठेवलं होतं. टॉयलेट नव्हतं. मग ज्यूरर रॅम्पकडे वळले. रॅम्पला नियमानं एकास बारा उतार लागतो; एक मीटर चढायचं तर बारा मीटर लांबी. याच्याकडे पाचच मीटर उरले होते. ज्यूरर म्हणाले, ‘चाकाची खुर्ची वर जाणार नाही, पण खाली फार लवकर येईल.’ घरी येऊन त्यानं ‘ज्यूरीला माझा कन्सेप्टच कळला नाही’ असं जाहीर केलं. हे वाक्य बहुतेक त्यांच्या अभ्यासक्रमातच असावं.

नियतीला विनोद कळतो असं माझं मत आहे, ते चौथ्या वर्षामुळं. एक सेमिस्टर एका ऑफिसात ट्रेनिंग होतं. पहिल्या दिवशी हा नवा शर्ट घालून, स्केचबुक घेऊन गेला. तिथं त्याला टॉयलेट दिलं. एकाचं झालं की दुसऱ्याचं. संकन स्लॅब किती खाली, नहाणी ट्रॅप कुठल्या कोपऱ्यात, फरशीचा उतार कुणीकडे, डॅडो कुठवर, अर्धी टाइल दारामागं कशी लपवायची. सगळं सेमिस्टर त्यानं टॉयलेटच काढली. शंख, पिंपळपान, उमलणं सगळं त्या पांढऱ्या टाइलांत वाहून गेलं. एका साइटवर प्लंबरनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, ‘साहेब, पाणी ड्रॉइंग वाचत नाही.’ त्या आठवड्यात तो आमच्याकडे आला आणि चहा न घेताच आधी बाथरूममध्ये गेला. बाहेर येऊन म्हणाला, ‘काका, तुमचा उतार दाराकडे आहे.’ हे मला राहायला आलो तेव्हापासून ठाऊक आहे. पायपुसणं रोज पिळतो. पण कुणी तरी ते शास्त्रानं सांगितलं याचं बरं वाटलं.

एवढी थट्टा केली, तर त्याच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. आमच्या इमारतीत सिलिंडरला जागा आहे, संडासही जागच्या जागी आहेत. पण निम्म्या खिडक्या डक्टमध्ये उघडतात आणि स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लागतो. बांधणाऱ्याला कसलाच कन्सेप्ट नव्हता, त्याचं हे फळ. कंबाला हिलवरच्या अठ्ठावीस मजली कांचनजंगात कोरियांनी जुन्या बंगल्याची पडवी उंच उचलून घरांच्या कोपऱ्यांत बसवली, वारा आत यावा आणि ऊन-पाऊस बाहेर राहावा म्हणून. ते 1983 साली. आमची इमारत त्यानंतरची आहे, पण वारा आमच्याकडे फक्त पंख्याचा येतो. यावर चिडणारा सोसायटीत एकटा कन्सेप्टराव आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यानं आणखी एक केलं. फाटकाशी, कंपाउंडच्या बुटक्या कठड्यावर संध्याकाळी म्हातारी माणसं टेकतात, हे त्यानं पाहून ठेवलं होतं. कोण किती वेळ बसतं, ऊन कुठून येतं, कुणाला उठताना हाताला आधार लागतो, सगळं वहीत मांडलं. कठड्याच्या जागी साडेचारशे मिलिमीटर उंचीचा लांब ओटा, मागं टेकायला भिंत, एका टोकाला पकडायला दांडी. साधा कागद, हातानं काढलेला. चित्रात माणसंही होती. ओव्हरकोटवाला नव्हता, काठी घेतलेली आजी होती. कन्सेप्टचं नाव विचारलं तर म्हणाला, ‘बसणं.’

प्रस्ताव सोसायटीच्या सभेत आला आणि नामंजूर झाला. कारण इतिवृत्तात नोंदलंय: ओटा केल्यास लोक तेथे बसतील.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या दारात असा एखादा डोळे तांबारलेला मुलगा किंवा मुलगी टेप घेऊन उभी राहिली आणि ‘काका, तुमच्या स्वयंपाकघराचं माप घेऊ का?’ असं विचारलं, तर नाही म्हणू नका. टेपचं दुसरं टोक धरा. आणि ओट्याची उंची लिहून घेऊन निघाली की थांबवून सिलिंडर कुठं ठेवता तेही दाखवा, कारण ते ही मुलं आपणहून विचारणार नाहीत.