पाच बोटं, घाऊक भाव

घाटकोपरच्या बाजारात मेथीची एक जुडी वीसला आणि तीन घेतल्या तर पन्नासला, हे आपल्याला पटतं. संध्याकाळ झालेली असते, मेथी माना टाकत असते, भाजीवालीला कसारा लोकल गाठायची असते. पण पायाची बोटंही घाऊकमध्ये स्वस्त पडतात, हे मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

मुलुंडला आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांच्या उजव्या पायाची पाचही बोटं साखरेनं नेली. डॉक्टरांनी एकाच दिवशी, एकाच भुलीत काढली. काकूंना तेव्हा जरा बरंच वाटलं होतं, की चला, एका खर्चात उरकलं. तिथंच चूक झाली.

अपंगत्व मोजायचा एक तक्ता राजपत्रात छापलेला आहे. पायाचा अंगठा गेला तर १० टक्के. शेजारचं बोट ५, मधलं ४, त्यापुढचं ३, करंगळी २. करा बेरीज. मी तीनदा केली, तिन्ही वेळा २४ आली. आता त्याच तक्त्यात किंचित वर बघा. ‘सर्व बोटं’ अशी स्वतंत्र ओळ आहे. किंमत : २० टक्के.

मधले चार टक्के कुठे गेले? मला आधी वाटलं, टीडीएस असेल. पण तो परत मागता येतो.

म्हणजे काकांनी व्यवहार नीट केला असता, तर बोटं किरकोळीत घालवली असती. करंगळी गणपतीत, चौथं दिवाळीत, मधलं संक्रांतीला, अंगठ्याशेजारचं शिमग्याला, अंगठा पाडव्याच्या मुहूर्तावर. दर वेळी वेगळी भरती, वेगळं डिस्चार्ज कार्ड, वेगळी झेरॉक्स. वर्षभरात चोवीस टक्के पदरात. मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणतात ते उगाच नाही. पाच नग हातात असताना गिऱ्हाइकाला एकदम देऊन मोकळे झाले. एखाद्या चतुर माणसानं चारच बोटं काढून घेतली असती आणि करंगळी ठेवली असती, तर १०, ५, ४, ३ मिळून २२ झाले असते. चार बोटं गेली की २२ आणि पाचही गेली की २०! हा हिशेब मी दहावीत गणिताला ९४ मिळवलेल्या भाचीला दाखवला. ती म्हणाली, मामा, प्रिंटिंग मिस्टेक असेल. बाळ, मिस्टेक असती तर तुझ्या मामाला आज सदराला विषय कुठून मिळाला असता?

मिळायला हवे होते चाळीस. चाळीस का, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही इमारतीत तळमजला आहेच. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. यादी तिपटीनं वाढली, सवलतींचा उंबरठा चाळीसचाच राहिला. ऑनलाइन अर्ज कसा भरला, फोटो किती केबीत चेचला, तारीख मिळाली त्या दिवशी लिफ्ट चालू होती का, हेही लिहीत नाही. वाचकांचा अपमान कशाला करा.

या सगळ्या कारभारात तज्ज्ञ कोण, तर रुग्णालयाच्या फाटकाबाहेरचा झेरॉक्सवाला. तक्ता त्याला तोंडपाठ. त्यानं काकांच्या बँडेजकडे एकदाच बघितलं आणि हळहळला. “मावशी, जरा वरून कापायला सांगायचं ना! पुढचा पंजा गेला असता तर तीस. मधल्या पावलातून गेलं असतं तर डायरेक्ट चाळीस.” कपडे शिवायला टाकताना शिंपी सांगतो तसं. दोन इंच जास्त घेतले असते तर काम झालं असतं.

काकूंनी मग हुकमाचं पान काढलं : काकांचा डोळा. साखरेनं एक डोळाही अर्धा खाल्लाय. त्याचे मिळाले २० टक्के. बोटांचे वीस, डोळ्याचे वीस. काकूंनी तिथंच पिशवीतल्या डबीतून पेढा काढून काकांच्या तोंडात घातला. (काकांना! पेढा!) तर उत्तर आलं छत्तीस.

यालाही सूत्र आहे, उगाच कुणावर आळ नको. मोठा आकडा पूर्ण धरायचा. तो नव्वदातून वजा करायचा. उरेल त्याला धाकट्या आकड्यानं गुणायचं, नव्वदनं भागायचं आणि मोठ्यात मिळवायचं. २० अधिक २० म्हणजे ३५.५६. नव्वदच का, शंभर का नाही, यावर मी दोन रात्री घालवल्या. माझा अंदाज असा, की माणूस मुळात नव्वद टक्केच धरलेला आहे. उरलेले दहा टक्के रांगेत उभं राहायला राखीव असावेत.

बोटं किरकोळीत विकून २४ आणले असते तर? तेही केलं. २४ आणि २० मिळून ३८.६७. म्हणजे काका हुशार असते तरी नापासच. अंगठा पाडव्याला काढा नाही तर शिमग्याला.

एकच वाट उरते. तक्त्यानुसार एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर ३० टक्के. ३० आणि २० सूत्रात घाला, ४३.३३ येतात. झेरॉक्सवाल्यानं कॅल्क्युलेटर काकूंपुढे सरकवला. काकू आकड्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आता तो डोळा जायची वाट बघू?”

इथं मला काहीतरी विनोदी लिहायचं होतं. सुचलं नाही. मोजमाप लागतं हे मला कळतं, खोटे दाखले काढणारे भामटेही ठाऊक आहेत, आणि अपंगत्व मोजणारे डॉक्टर दिवसभर त्याच तक्त्याला बांधलेले असतात, त्यांच्यावर राग नाही. पण ज्या बाईला नवऱ्याचा डोळा वाचावा म्हणून औषध घालायचंय, तिच्या हातात आपण डोळा गेला तर फायदा किती याचा हिशेब देतो, आणि याला म्हणतो कल्याणकारी योजना! बरं, चाळीसच्या पलीकडे तरी कुबेराची कोठी आहे का? निराधार योजनेचे महिना अडीच हजार. तेही वर्षाचं उत्पन्न पन्नास हजारांच्या आत असेल तर. महिन्याचे झाले ४,१६६ रुपये. मुलुंडमध्ये! एवढ्यात सोसायटीचा मेंटेनन्स आणि इन्सुलिन भागवून दाखवणाऱ्याला अपंगत्वाचा नाही, अर्थशास्त्राचा दाखला द्यायला हवा. मुलगा इन्सुलिनसाठी पैसे पाठवतो, म्हणून काकांचं उत्पन्न दिसतं; इन्सुलिन घेतलं नाही तर काका गरीब ठरतील आणि पात्रही होतील, फक्त अर्ज करायला उरणार नाहीत. आणि ‘अपंग’ खोडून ‘दिव्यांग’ लिहायला मात्र कुणाला सूत्र लागलं नाही, नव्वदनं भागावं लागलं नाही. एका रात्रीत पाट्या रंगल्या.

काकांना कार्ड मिळालंच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. २०२४ च्या नियमांनी कार्डांना रंग दिलेत. ऐंशी आणि वर असेल तर निळा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा, चाळीसच्या खाली पांढरा. काकांचं पांढरं. पांढऱ्या रेशनकार्डावर दुकानदार काय देतो, हे मुंबईकराला माहीत आहे. काकूंनी दोन्ही कार्डं एकाच प्लास्टिकच्या पाकिटात घालून देवघराच्या खणात ठेवलीत. जोडी छान दिसते.

परवा जिन्यात काकू भेटल्या. काकांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडायला लागलाय. डॉक्टर म्हणतात, वाचेल, अजून वेळ आहे. मी म्हटलं, मग चांगलंच झालं. काकू दोन पायऱ्या चढल्या, थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “आणि नाहीच वाचला, तर हा एकटा अंगठा वेगळा धरतात ना हो? की मागच्या पाचातच जमा करतात?”