अधिक एक पान, वजा एक पान

लक्ष्मणफळाला अखेर न्याय मिळाला. सीताफळ लाडकं, रामफळ चालून जातं. धाकट्या दिराला मात्र कोणी विचारत नव्हतं. आता त्याच्या पानांनासुद्धा भाव आलाय. दसऱ्याला आपट्याच्या पानांना आपण सोनं म्हणतो, ते निदान गंमत म्हणून.

‘कर्करोगावर ही पानं केमोपेक्षा दहा हजार पट गुणकारी’ असा मेसेज फिरतोय. बारीक तपशील एवढाच, की पेशी मेल्या त्या प्रयोगशाळेतल्या बशीत. बशीतल्या पेशी मारायला पानटपरीवरचा चुनाही पुरेल. शिवाय या झाडातलं अ‍ॅनोनासिन नावाचं द्रव्य मज्जापेशींनाही सोडत नाही. ग्वाडेलूप बेटावर हे फळ आणि पानांचा काढा नेमाने घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार दिसल्याचं 1999 साली डॉक्टरांनी नोंदवलं. आमच्या तात्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, “तिकडचं पाणी वेगळं.”

तात्या रोज सकाळी नाक दाबून काढा पितात आणि मग कट्ट्यावर बसून चंची सोडतात. डाव्या तळहातावर तंबाखू, नखभर चुना, अंगठ्याने निवांत मळणं, दोन चापट्या मारून भुकटी उडवणं, आणि ओठाआड बार. कोणी हटकलं तर उत्तर तयार : “अरे, काढा घेतलाय ना!” अधिक एक पान, वजा एक पान, खातं चुकतं. शिवाय तंबाखू हीसुद्धा शंभर टक्के वनस्पतीच.

हा हिशेब फिनलंडमध्ये तपासून झालाय. तिथल्या 29,133 सिगारेटबाज पुरुषांपैकी निम्म्यांना काही वर्षं रोज बीटा-कॅरोटीनची, म्हणजे गाजरातल्या केशरीपणाची गोळी दिली. 1994 साली निकाल आला : गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली म्हणतात. इथे ती खाल्ल्यावर वाजली. (गाजर खुशाल खा. गोळीचा गुन्हा त्याच्या माथी नको.)

पानांत औषध नसतंच, असंही नाही. कुंपणाशी फुकट उगवणाऱ्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन निघतं, आणि ते लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. सह्याद्रीतला नरक्या चोरून तोडला जातो तो त्यातल्या कॅम्पटोथेसिनसाठी. त्यापासूनही कर्करोगाची औषधं बनतात. टनभर पानांतून जेमतेम काही ग्रॅम व्हिन्क्रिस्टीन काढायचं, डोस मोजायचा, शिरेतून सोडायचं. एवढा उपद्व्याप झाला की त्याच पानाला लोक ‘केमो’ म्हणतात, आणि केमोच्या धास्तीने दुसरी पानं उकळत बसतात.

कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने बाजार बरोबर ओळखलाय. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, आणि ती तो काटेकोर पाळतो : पुड्या समोर टांगत नाही, फळीखाली ठेवतो. समोर लिंबू-मिरचीच्या शेजारी आता लक्ष्मणफळाच्या पानांची जुडी लटकते. तात्या तंबाखू आणि जुडी दोन्ही एकाच फेरीत घेतात.